नागपूर नेमकं किती लांब? दोन विमानतळांमधलं हवाई अंतर काढायची रीत

मी पहिल्यांदा एक्सेलमध्ये मुंबई–नागपूर हवाई अंतर काढलं, तेव्हा उत्तर आलं १२,७४१ किलोमीटर. मुंबईहून न्यूयॉर्क साडेबारा हजारांच्या आसपास आहे. म्हणजे माझ्या हिशोबानं नागपूर अमेरिकेच्याही पलीकडे निघालं. शेजारी मेव्हणा बसला होता, पक्का नागपूरकर. स्क्रीनकडे बघून तो एवढंच म्हणाला, "तरीच भाऊजी, दिवाळीला या म्हटलं की तुमच्या अंगावर काटा येतो."

चूक एका शब्दाची होती. ती पुढे दाखवतोच, कारण हे गणित नव्यानं करणारा जवळजवळ प्रत्येक जण तिथे एकदा घसरतो. बाकी सगळं दहावीपर्यंतचं आहे: पायथागोरस, साइन, कोसाइन आणि थोडा धीर. विमानतळांची नावं टाकून बटण दाबलं की अंतर सांगणाऱ्या वेबसाइट भरपूर आहेत, त्या खुशाल वापरा. पण दोन साइट दोन आकडे दाखवतात, तिकिटावरचा तिसराच असतो आणि विमान प्रत्यक्षात चौथंच अंतर कापतं. यातला कुठला आकडा खरा धरायचा हे कळायला एकदा तरी हातानं हिशोब करावा लागतो.

आधी ठरवा: अंतर कशाला हवंय?

मुंबई ते नागपूर रेल्वेनं ८३७ किमी. समृद्धी महामार्ग ७०१ किमी, तोही भिवंडीजवळच्या आमण्यापासून. विमानतळ ते विमानतळ सरळ हवाई अंतर सुमारे ६८३ किमी. तिन्ही आकडे बरोबर आहेत, मोजलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत. विमानानं त्या दिवशी खरोखर कापलेलं अंतर आणखी निराळं, आणि ते रोज बदलतं.

नियमांत आणि कागदपत्रांत 'अंतर' म्हटलं की बहुतेक वेळा हे सरळ हवाई अंतरच अभिप्रेत असतं. डिसेंबर २०२५ मध्ये देशभर उड्डाणं धडाधड रद्द झाली आणि तिकिटांचे भाव आभाळाला भिडले. तेव्हा केंद्र सरकारनं तात्पुरती भाडेमर्यादा घातली ती अंतराच्या टप्प्यांवर: ५०० किमीपर्यंत ७,५०० रुपये, ५०० ते १,००० किमीला १२,०००, १,००० ते १,५०० किमीला १५,००० आणि त्यापुढे १८,०००. मुंबई–नागपूर दुसऱ्या टप्प्यात बसतं. मुंबई–दिल्ली सुमारे १,१४० किमी, म्हणून तिसऱ्यात.

युरोपात राहणाऱ्या मंडळींना तर हा आकडा थेट पैशांत मोजून मिळतो. युरोपीय संघाच्या २००४ सालच्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार विमान रद्द झालं किंवा फार उशिरा पोचलं तर भरपाई अंतरावर ठरते. १,५०० किमीपर्यंत २५० युरो. संघाबाहेरच्या प्रवासाला ३,५०० किमीपर्यंत ४०० आणि त्याच्या वर ६००. अंतर बृहद्‌वृत्तानं (म्हणजे गोलावरच्या सर्वात जवळच्या वाटेनं) मोजायचं, असं नियमातच लिहिलंय. हॅम्बुर्गहून फ्रँकफर्टला विमान बदलून मुंबईला येणाऱ्याचं अंतर हॅम्बुर्ग–मुंबई असं एकसलग सरळ धरायचं, दोन टप्प्यांची बेरीज करायची नाही, असा युरोपच्या न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे. आपल्याकडे मात्र डीजीसीएच्या, म्हणजे सरकारी विमान वाहतूक नियामकाच्या, नियमात उड्डाण रद्द झाल्याची भरपाई अंतरावर नसून ब्लॉक टाइमवर आहे, म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतच्या वेळेवर. तिथे किलोमीटर घेऊन भांडायला गेलात तर हात हलवत परत याल.

पायरी १: विमानतळ नक्की कुठला?

ही पायरी हास्यास्पद वाटेल, पण निम्मे घोळ इथेच होतात. 'मुंबई–गोवा किती?' या प्रश्नाला आता एकच उत्तर नाही. दाबोळी आणि मोपा हे दोन विमानतळ एकमेकांपासून सरळ रेषेत चाळीसेक किमीवर आहेत. मुंबईहून दाबोळी सुमारे ४२५ किमी आणि मोपा ३८७. मुंबईचेही डिसेंबर २०२५ पासून दोन झाले, सांताक्रूझचा जुना आणि नवी मुंबईचा नवा.

म्हणून शहराच्या नावावर विसंबू नका, कोड बघा. तिकिटावर असतो तो तीन अक्षरी कोड, आयाटा या विमानकंपन्यांच्या जागतिक संघटनेचा. मुंबईचा 'बीओएम', बॉम्बेवरून आलेला आणि नाव बदलून इतकी वर्षं झाली तरी तसाच राहिलेला. नागपूरचा 'एनएजी', पुण्याचा 'पीएनक्यू', दाबोळीचा 'जीओआय', मोपाचा 'जीओएक्स'. वैमानिक आणि हवाई नियंत्रक वापरतात तो चार अक्षरी, इकाओ या संयुक्त राष्ट्रांच्या हवाई वाहतूक संस्थेचा. त्यात पश्चिम भारतातल्या विमानतळांची सुरुवात 'व्हीए'नं होते: मुंबई 'व्हीएबीबी', पुणे 'व्हीएपीओ', नागपूर 'व्हीएएनपी'. दिल्लीकडचे 'व्हीआय', पूर्वेकडचे 'व्हीई' आणि दक्षिणेचे 'व्हीओ'. नाव टाकताना शंका आली तर चार अक्षरी कोडच टाका.

एकाच नावाची दोन गावं असली की तर बघायलाच नको. हैदराबाद तेलंगणातलं आहे तसं सिंधमधलंही आहे. सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे, जिथे आयटीतल्या प्रत्येक मराठी घराचं कुणी ना कुणी असतं, आणि कोस्टा रिकाच्या राजधानीचं नावही तेच. पहिल्याचा कोड 'एसजेसी', दुसऱ्याचा 'एसजेओ'. एका अक्षरानं देश बदलतो.

पायरी २: अक्षांश-रेखांश मिळवा आणि नीट लिहा

प्रत्येक विमानतळाचा एक ठरलेला संदर्भबिंदू असतो, साधारण धावपट्ट्यांच्या मध्याजवळ. त्याचे अक्षांश-रेखांश विकिपीडियाच्या पानावर उजव्या चौकटीत सापडतात. गूगल मॅप्सवर धावपट्टीच्या मध्यावर राइट क्लिक केलं तरी चालतं. टर्मिनलवर क्लिक केलं तर शे-पाचशे मीटर इकडेतिकडे, त्याचं मनावर घेऊ नका.

पुढच्या हिशोबाला लागणारे आकडे इथेच देऊन ठेवतो. मुंबई म्हणजे सांताक्रूझचा विमानतळ: १९.०८८७ उत्तर, ७२.८६७९ पूर्व. नागपूर: २१.०९२२ उत्तर, ७९.०४७२ पूर्व. पुणे: १८.५८२१ उत्तर, ७३.९१९७ पूर्व. लंडन हीथ्रो: ५१.४७०६ उत्तर, ०.४६१९ पश्चिम.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं म्हणजे अंश-मिनिटं. नागपूर कुठे २१°०५′३२″ असं लिहिलेलं दिसेल. ते २१.०५३२ नव्हे. मिनिटांना ६० नं भागा, सेकंदांना ३६०० नं, आणि अंशात मिळवा: २१ + ०.०८३३ + ०.००८९ = २१.०९२२. घड्याळासारखंच आहे, साडेनऊला आपण ९.५ तास म्हणतो, ९.३० नाही. नागपूरच्या बाबतीत ही चूक चारेक किमीत निभावते. पण दिल्लीच्या २८°३४′ चं २८.३४ केलंत तर विमानतळ पंचवीस किमी दक्षिणेला सरकतो, थेट हरियाणाच्या शेतांकडे.

दुसरं म्हणजे चिन्ह. पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश उणे लिहायचे. हीथ्रो ग्रिनिचच्या जरासा पश्चिमेला आहे, म्हणून −०.४६१९. लंडनला ते उणे चिन्ह विसरलं तरी फारसं बिघडत नाही, कारण आकडाच छोटा. न्यूयॉर्कचं विसरलात तर मात्र न्यूयॉर्क उचलून किरगिझस्तानच्या आसपास ठेवल्यासारखं होतं.

पायरी ३: कागद, पेन्सिल आणि पायथागोरस

हजार-दीड हजार किमीच्या आतल्या अंतराला ही रीत पुरते. माझी सगळ्यात आवडती रीतही हीच, कारण ती रेल्वेच्या डब्यात बसूनही करता येते.

पृथ्वीचा घेर सुमारे ४०,०३० किमी. त्याला ३६० नं भागलं की अक्षांशाचा एक अंश १११.२ किमीचा होतो. रेखांशाचा अंशही विषुववृत्तावर तेवढाच, पण उत्तरेकडे जाऊ तशा रेखावृत्तांमधल्या फटी अरुंद होत जातात, सोललेल्या संत्र्याच्या फोडींसारख्या. किती अरुंद? त्या ठिकाणच्या अक्षांशाच्या कोसाइनच्या पटीत.

आता मुंबई–नागपूर करू.

अक्षांशांतला फरक २१.०९२२ − १९.०८८७ = २.००३५. गुणिले १११.२, म्हणजे २२२.८ किमी. एवढं नागपूर उत्तरेला.

रेखांशांतला फरक ७९.०४७२ − ७२.८६७९ = ६.१७९३. गुणिले १११.२, म्हणजे ६८७.१. याला मधल्या अक्षांशाच्या कोसाइननं गुणायचं. दोन अक्षांशांची सरासरी २०.०९ आणि तिचा कोसाइन ०.९३९. उत्तर ६४५.२ किमी. एवढं नागपूर पूर्वेला.

दोघांचे वर्ग: ४९,६४० आणि ४,१६,२८३. बेरीज ४,६५,९२३. वर्गमूळ ६८२.६.

झालं. ६८३ किमी. पृथ्वी गोल आहे हे जवळजवळ विसरून काढलेलं उत्तर, आणि गोलाचं पूर्ण सूत्र वापरलं तरी ६८२.६ च येतं. मेव्हण्याला मी शेवटी हेच पाकिटाच्या पाठीवर करून दाखवलं.

आता हीच रीत मुंबई–लंडनला लावून बघा. उत्तरेला ३,६०१ किमी, पश्चिमेला ६,६५६, आणि उत्तर ७,५६८ किमी. खरं अंतर ७,२१० च्या आसपास आहे. साडेतीनशे किमीची चूक, म्हणजे मुंबईहून जवळपास मोप्यापर्यंतचं अंतर जास्तीचं लागलं. एवढ्या लांबच्या प्रवासात पृथ्वी सपाट धरून चालत नाही.

मधेच एक खेळ: गोल आणि दोरा

सूत्राकडे जाण्याआधी घरातल्या पोरांचा पृथ्वीगोल घ्या आणि शिवणाचा दोरा. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणून घट्ट करा. सपाट नकाशावर ही रेषा अरबस्तान, भूमध्य समुद्र, अटलांटिक अशी आडवी जाईल असं वाटतं. गोलावर दोरा सरळ वायव्येला उसळी मारतो, जवळपास ६५ उत्तर अक्षांशापर्यंत चढतो, आइसलँडवरून जातो आणि मग खाली न्यूयॉर्कला उतरतो. मुंबई १९ अक्षांशावर, न्यूयॉर्क ४१ वर, आणि मधली सर्वात जवळची वाट ६५ वरून. हे एकदा बोटांनी अनुभवलं की विमानातल्या समोरच्या पडद्यावर रस्ता धनुष्यासारखा वाकडा का दिसतो, हा प्रश्न कायमचा मिटतो. वाकडा नकाशा आहे, वाट सरळ आहे.

भूगोलाच्या पुस्तकात याला बृहद्‌वृत्त म्हणतात. गोलाच्या केंद्रातून सुरी फिरवून दोन सारख्या अर्धुकल्या केल्या तर कापलेली कड म्हणजे बृहद्‌वृत्त. दोन गावांमधली सर्वात जवळची वाट नेहमी त्याच कडेवर असते.

दोऱ्यानं अंतरही निघतं. गोल ३० सेंमी व्यासाचा असेल तर त्याचा घेर ९४ सेंमी, म्हणजे एक सेंमीला सुमारे ४२५ किमी. मुंबई–लंडन दोरा १७ सेंमी भरतो. सतरा गुणिले ४२५ म्हणजे ७,२२५. पाच रुपयांच्या दोऱ्याला याहून जास्त काय मागणार?

पायरी ४: पूर्ण सूत्र

अ१ आणि अ२ हे दोन अक्षांश, र१ आणि र२ हे रेखांश धरा.

कोन = व्यस्त कॉस [ साइन अ१ × साइन अ२ + कॉस अ१ × कॉस अ२ × कॉस (र२ − र१) ]

हा कोन म्हणजे पृथ्वीच्या केंद्रात उभं राहून एका विमानतळाकडून दुसऱ्याकडे मान किती वळवावी लागेल तो. मुंबई–नागपूरसाठी तो ६.१४ अंश येतो आणि मुंबई–लंडनसाठी ६४.८७. अंशांना १११.२ नं गुणलं की किलोमीटर.

मुंबई–लंडनचे आकडे एकदा नजरेखालून घाला. साइनांचा गुणाकार ०.२५५८. कोसाइनांचा गुणाकार ०.५८८७, त्याला रेखांशांतल्या ७३.३३ अंशांच्या कोसाइननं म्हणजे ०.२८६९ नं गुणलं की ०.१६८९. बेरीज ०.४२४७. ज्याचा कोसाइन ०.४२४७ आहे तो कोन ६४.८७ अंश. गुणिले १११.२, म्हणजे ७,२१३ किमी.

जाता जाता: 'साइन' हे नाव ऐकून बिचकू नका, ते आपल्याच घरचं आहे. आर्यभटाच्या काळी धनुष्याच्या दोरीवरून 'ज्या' आणि 'जीवा' म्हणत. अरबांनी ते 'जीबा' असं लिहून घेतलं, पुढे कुणी ते 'जैब' वाचलं, जैब म्हणजे कपड्याची घडी किंवा खिसा, आणि लॅटिनमध्ये त्याचं भाषांतर 'सायनस' झालं. परदेशी जाऊन आडनाव बदलून आलेला नातेवाईक आहे तो.

एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये करायचं तर पहिलं गाव दुसऱ्या ओळीत आणि दुसरं तिसऱ्या ओळीत लिहा. बी स्तंभात अक्षांश, सी स्तंभात रेखांश. मग रिकाम्या चौकटीत:

= ६३७१ * एकॉस( साइन(रेडियन्स(बी२)) * साइन(रेडियन्स(बी३)) + कॉस(रेडियन्स(बी२)) * कॉस(रेडियन्स(बी३)) * कॉस(रेडियन्स(सी३ − सी२)) )

फंक्शनची नावं आणि आकडे अर्थातच इंग्रजीत टाइप करायचे. 'एकॉस' म्हणजे ए, सी, ओ, एस. सुरुवातीचा ६३७१ म्हणजे पृथ्वीची सरासरी त्रिज्या, किलोमीटरमध्ये.

आणि आता ती सुरुवातीची चूक. सूत्रात पाच वेळा आलेला 'रेडियन्स' हा शब्द मी सगळीकडेच गाळला होता. शीटमधला साइन अंश ओळखत नाही, त्याला रेडियन हे कोन मोजायचं दुसरं एकक कळतं. तुम्ही १९.०८ लिहिलंत की तो ते १९.०८ रेडियन समजतो, म्हणजे पृथ्वीभोवती तीन प्रदक्षिणा घालून वर थोडं. चूक झाल्याचं तो सांगत नाही, मुकाट्यानं १२,७४१ छापतो. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर नेमकं उलटं होऊ शकतं. तिथे कोपऱ्यात 'डेग' आणि 'रॅड' यांतलं एक निवडलेलं असतं. सुरुवात करण्याआधी साइन ३० काढून बघा. ०.५ आलं तर अंश चालू आहेत. उणे ०.९८८ आलं तर रेडियन.

दोन विमानतळ फारच जवळ असतील, म्हणजे चार-पाच किमीवर, तर हे सूत्र आकड्यांच्या शेपटात जरा गडबडतं. त्यासाठी हॅव्हरसाइन नावाचं दुसरं सूत्र आहे. प्रोग्रॅमिंग करणारे बहुधा तेच वापरतात. उत्तर तेच येतं, म्हणून इथे त्यात शिरत नाही.

पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, हे कुणीतरी लक्षात आणून देईलच. विषुववृत्ताची त्रिज्या ६,३७८ किमी, ध्रुवाची ६,३५७. नेमकं हवं असलं तर त्या चपटेपणासकट मोजणारी व्हिन्सेंटीची १९७५ ची रीत आहे, आणि चांगल्या वेबसाइट तशीच काहीतरी वापरतात. गोल धरल्यानं होणारी चूक जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याची. तुमचं ७,२१३ आणि साइटचं ७,२०० च्या आसपास काहीतरी आलं तर समजा की दोघंही बरोबर आहेत.

पायरी ५: किलोमीटर, मैल आणि सागरी मैल

विमानाचं जग नॉटिकल, म्हणजे सागरी मैलात चालतं. एक नॉटिकल मैल १,८५२ मीटरचा, आणि तो मुळात अक्षांशाच्या एका मिनिटाएवढा. त्यामुळे वैमानिकांकडे एक सोपी युक्ती असते: वरचा कोन अंशात काढा आणि ६० नं गुणा. मुंबई–नागपूर ६.१४ × ६०, म्हणजे ३६८ नॉटिकल मैल. त्रिज्या नको, काही नको.

अमेरिकेतली भाची 'मैल' म्हणते तो १.६०९ किमीचा. विमानकंपन्यांच्या फ्रिक्वेंट फ्लायर योजनेतले 'माइल्स' हे कित्येकदा मैल नसतातच. तिकिटाच्या किमतीवर मिळणारे गुण असतात. त्यांच्यावरून अंतर काढायला जाऊ नका.

रेषा वेगळी, वाट वेगळी

इथपर्यंत निघालं ते कमीत कमी शक्य अंतर. विमान त्यापेक्षा जास्तच उडतं. किती जास्त, हे बघण्यात खरी गंमत आहे.

मुंबईहून लंडनची सरळ रेषा वायव्येला निघते आणि जवळपास कराचीवरून जाते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानकंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. त्याआधी २०१९ मध्येही फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत ते बंद होतं. बंदी असली की भारतीय विमान अरबी समुद्रावरून वळसा घेतं. सूत्राचं उत्तर ७,२१३ च राहतं, इंधन मात्र वळशाचं जळतं.

दुसरं उदाहरण मला त्याहून आवडतं. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को सरळ अंतर सुमारे १२,३८० किमी, आणि ही रेषा सायबेरियाच्याही उत्तरेला, आर्क्टिक महासागरावरून जाते. एअर इंडियानं डिसेंबर २०१५ मध्ये हे थेट उड्डाण सुरू केलं ते अटलांटिकच्या बाजूनं. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते प्रशांत महासागरावरून न्यायला सुरुवात केली. हा रस्ता सुमारे १५,३०० किमीचा, आधीच्यापेक्षा हजाराहून जास्त लांब. तरी प्रवास दोन तासांनी कमी झाला, कारण पूर्वेकडे जाताना वरचा पश्चिमी वारा पाठीशी असतो. घाटातून जवळची वाट असूनही एसटीचा ड्रायव्हर कधीकधी हायवे धरतो, तसंच.

याच दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोचं आणखी एक पथ्य आहे. रेखांश ७७.१० आणि −१२२.३८, फरक १९९.४८ अंश. फरक १८० च्या वर गेला की ३६० मधून वजा करायचा, म्हणजे १६०.५२. पूर्ण सूत्रातला कोसाइन हे आपलं आपण सांभाळून घेतो. पण कंपासपेटी घेऊन नकाशावर मोजत बसलात तर पृथ्वीला उलट्या बाजूनं फेरी मारून याल.

जवळच्या उड्डाणांतही वाढ असतेच. विमान धावपट्टीच्या दिशेनं उडतं, मग ठरलेल्या वाटेनं वळतं, उतरताना रांगेत लागतं. मुंबईवर घिरट्या घालताना खिडकीतून तीच खाडी तिसऱ्यांदा दिसली की समजावं, आपले किलोमीटर वाढताहेत. कार्बनचा हिशोब करताना इकाओ यासाठी ठरावीक भर घालते: सरळ अंतर ५५० किमीच्या आत असेल तर ५० किमी, ५५० ते ५,५०० किमीला १०० आणि त्याच्या वर १२५. म्हणून मुंबई–नागपूर कार्बनच्या कागदावर ७८३ किमी होतं.

नवे लोक हमखास विचारतात, विमान अकरा किलोमीटर उंचावरून जातं त्याचं काय? वरचा घेर मोठा असतो हे खरं, पण ११ भागिले ६,३७१ म्हणजे फक्त ०.१७ टक्के. मुंबई–लंडनला बारा-तेरा किमी. सोडून द्या. पृथ्वी फिरते त्याचंही काही धरायचं नाही. हवा आणि विमान दोन्ही तिच्यासोबत फिरतात.

वेळेचा ढोबळ अंदाज हवा असेल तर मी सरळ अंतराला ८०० नं भागतो आणि वर चाळीस मिनिटं टाकतो. मुंबई–नागपूरला ५१ अधिक ४०, म्हणजे दीड तास, आणि वेळापत्रकातही साधारण तेवढंच दिसतं. लंडनला जाताना वारा समोरून असतो, तेव्हा थोडं जास्त धरा. येताना थोडं कमी.

करून बघा: पुणे–नागपूर

आकडे वर दिलेलेच आहेत, रीत कुठलीही घ्या. उत्तर ६०५ किमीच्या आसपास यायला हवं. नाही आलं तर जे आलं त्यावरून चूक ओळखता येते. ६३५ आलं असेल तर पायथागोरस करताना रेखांशाच्या फरकाला कोसाइननं गुणायचं राहिलंय. ५७४ आलं असेल तर अक्षांश आणि रेखांश एकमेकांच्या स्तंभात गेलेत. ३७६ म्हणजे उत्तर मैलांत आहे आणि ३२६ म्हणजे नॉटिकल मैलांत. आणि पाच आकडी काही आलं, तर 'रेडियन्स' शोधा. मेव्हणा शेजारी नसेल अशा वेळी.